मालनचा पाट

बसा नीट. आणि हितेश, तो मोबाइल खाली ठेव. दोनशे मेगापिक्सेल म्हणून मिरवतोस, पण अंधारात काढलेल्या फोटोत तुझी आजी आणि पाण्याची टाकी सारख्याच दिसतात. नखाएवढ्या सेन्सरवर एवढे ठिपके कोंबलेत, एकेकाच्या वाट्याला उजेड येणार किती? हे ज्ञान माझं नाही, मी सातवी नापास. मानपाड्याच्या सर्वेशचं. लग्नाचे फोटो काढतो तो. त्याच्याच बाबतीत घडलेलं सांगतो.

मागच्या वर्षी, मे महिन्यातला दुसरा शनिवार. कळव्याच्या खाडीकाठी, कोळ्यांच्या घरी धनेशची हळद. सर्वेश संध्याकाळीच कॅमेरा घेऊन पोचलेला. धनेशची आई मालन आदल्या वर्षी गेलेली. त्या घरची रीत अशी, की हळदीच्या रात्री धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, घरातल्या वारलेल्या माणसांना गाण्यातून लग्नाचं आमंत्रण देते. त्यांच्यासाठी नवऱ्याशेजारी रिकामा पाट मांडतात. दिवे बंद, एक समई. फ्लॅश चालत नाही.

"सर्वेशदादा, पाटाचा फोटो पाहिजेच," धनेश म्हणाला. "आईचा मान आहे."

"समईत? अरे, फोटोत नुसती समईच येईल."

"मग एवढा महागाचा डबा कशाला घेतलायस?"

म्हातारी धवलारीण रंगूबाई गाऊ लागली. सर्वेशने आयएसओ वाढवला. आयएसओ वाढवणं म्हणजे रेडिओचा कान पिळणं. लांबचं स्टेशन ऐकू येतं, पण खरखरही तेवढीच वाढते. फोटोत त्या खरखरीचे दाणे पडतात.

बत्तीसशेला पाट काळा.

चौसष्टशेला पाटावर काहीतरी गोळा झालेलं. दाणे असतील, सर्वेश मनात म्हणाला.

बारा हजार आठशे. बाई. डोक्यावर पदर.

त्याने मान वर केली. पाट रिकामा.

धनेशने वाकून कॅमेऱ्याचा पडदा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"अजून वाढव ना, दादा. चेहरा बघू दे तिचा."

पंचवीस हजार. चेहरा आला. एकही दाणा नाही, भर दुपारी काढल्यासारखा. पण धनेश... त्याच फोटोत धनेशच्या जागी नुसते दाणे. तिने त्याचा हात धरलेला.

"अजून," धनेश म्हणाला. आवाज लांबून आल्यासारखा.

सर्वेशने वर पाहिलं. समोर बसलेला पोरगा नीट दिसेना. त्याने डोळे चोळले. खांदा विरळ. खांद्यातून मागची भिंत...

रंगूबाईचं गाणं थांबलं.

"मालन..." ती म्हणाली. "पोराचा हात सोर गो."

समईची वात बारीक झाली.

सर्वेशने रीत मोडली. फ्लॅश मारला.

पांढरं...

मग कुणीतरी दिवे लावले. धनेश जागेवरच होता, हळदीने माखलेला, सगळाच्या सगळा. अंग थंडगार. "गेली?" एवढंच विचारलं त्याने, आणि लहान पोरासारखा रडला. सर्वेशने कॅमेरा तपासला. प्रत्येक फोटोत पाट रिकामा.

परवा धनेशच्या मुलीचं बारसं झालं. सर्वेश नवा कॅमेरा घेऊन गेला. गच्चीत टळटळीत ऊन, आयएसओ शंभर, म्हणजे दाणा पडायचं कारणच नाही. घरी येऊन त्याने फोटो मोठा करून पाहिला. बायको स्वच्छ. कुशीतली पोर स्वच्छ. धनेशही.

त्याचं एक मनगट तेवढं दाण्यांनी भरलेलं. भोवतीनं. कुणीतरी बोटं रोवून धरल्यासारखं...