तानुबाईएवढी जागा

"ती बाई वारली," सुनील सर केबिनमधून म्हणाले. "फोटो बदलून टाक."

चैतालीनं मान हलवली आणि फाइल उघडली. इंदिरानगरच्या त्या ऑफिसात मार्च महिना असाच जायचा. सुनील सरांची पाणी योजनांची ठेकेदारी. कामं डोंगरात, बिलं नाशकात, आणि मधे चैतालीचा कॉम्प्युटर. डोंगरात जे झालंच नाही ते अहवालात झालेलं दिसलं पाहिजे, एवढंच तिचं काम. त्याला ऑफिसात 'फिनिशिंग' म्हणायचे.

वाघधोंड पाडा सुरगाण्याच्या अंगाला. कागदावर तिथं टाकी होती आणि दारोदार नळ होते. प्रत्यक्षात पाइपाचा एक तुकडा होता आणि त्याला एक तोटी. फोटोच्या दिवशी तो तुकडा पाड्यावर येणाऱ्या टँकरला जोडला, आणि साइट बघणाऱ्या योगेशनं तानुबाई नावाच्या म्हातारीला तोटीखाली हंडा धरायला लावला. लाभार्थी आनंदी दिसला पाहिजे, असा नियम. तानुबाई हसली नव्हती. ती पाण्याकडं बघत होती.

फोटोत मागं टँकर आला होता. म्हणून चैतालीनं मागचं सगळं पुसून नुसती बाई कापून काढली आणि मजकूर तिच्या अंगाबरोबर वळवून घेतला. शब्द तिच्या खांद्यावरून, कोपरावरून, हंड्याच्या काठावरून वळसा घेत खाली उतरायचे. सरांनी वाहवा केली होती.

तो अहवाल मंजूर झाला की पाड्याचा टँकर बंद होणार होता. नळ आहे म्हटल्यावर टँकर कशाला? हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. तोंडातून कुणी काढत नव्हतं.

नव्या फोटोसाठी तिनं योगेशला फोन लावला.

"कशी गेली रे ती?"

"झिऱ्यावर गेलती ताई, दरीत. उतरताना पाय घसरला. हंड्यासकट खाली."

"आणि टँकर?"

"या आठवड्यात फिरकलाच नाय. तालुक्याला वाटलं नळ चालू झाला. फोटोच्या दिवशी हंडा अर्धा झाल्यावर मी टँकरवाल्याला बंद कर म्हटलं. तर तानुबाई म्हणती, पुरा भरू दे ना दादा. मी म्हटलं, मावशी, फोटोत अर्धा कळत नाय."

चैतालीनं फोन ठेवला.

योगेशनं पाठवलेल्या नव्या फोटोत पाड्यावरचीच लंकाबाई होती, तीच तोटी, हातात रिकामा हंडा. राइट क्लिक, चेंज पिक्चर. जुनं माणूस जातं, त्याच जागी नवीन येतं, आणि बाकी काही हलत नाही. ही सोय ज्यानं काढली त्याला ठेकेदारी चांगली कळत असणार.

लंकाबाई चौकोनात बसली. मजकूर मात्र चौकोनाला येऊन भिडला नाही. तो लांबूनच वळसा घेत होता. फोटोच्या आजूबाजूला पांढरी जागा सुटली होती, आणि तिला खांदा होता, कोपर होतं, हंड्याचा काठ होता.

"जुनं काहीतरी चिकटून राहिलं असेल," सर म्हणाले. "पुसून टाक. नवीन घे."

तिनं फोटो पुसला. आता त्या पानावर शब्दांशिवाय काही नव्हतं. तरी शब्द कडेनंच चालले होते. तिनं मोकळ्या जागेत क्लिक केलं. कर्सर उडी मारून पलीकडं गेला. पुन्हा केलं, पुन्हा पलीकडं. फाइल बंद केली, कॉम्प्युटर बंद केला, चहा पिऊन आली.

ते पान आता नीट झालं होतं. ओळी काठापासून काठापर्यंत सरळ.

जागा आधीच्या पानावर होती.

तिचा आकार बदलला होता. हंडा डोक्यावर गेला होता, एक पाय पुढं पडला होता. चैताली बघत बसली. बघत असताना काही हलत नव्हतं. ती पाणी प्यायला उठली, परत आली, तेव्हा जागा त्याच्याही आधीच्या पानावर होती. चढण चढताना बायका वाकतात तशी थोडी वाकलेली.

दुपारी ती जागा पहिल्या पानावर पोचली. पहिलं पान दाखल्याचं. 'पाड्यावरील सर्व कुटुंबांना नळाद्वारे नियमित पाणी मिळते', आणि खाली सहीची ओळ. जागा बरोबर त्या वाक्यात उभी होती. 'सर्व कुटुंबांना' अलीकडं राहिलं होतं, 'मिळते' पलीकडं. 'पाणी' खालच्या ओळीत ढकललं गेलं होतं.

तिनं सरांना बोलावलं. त्यांनी स्वतः माउस घेऊन पान दोनदा वरखाली केलं.

"प्रिंट काढ," शेवटी म्हणाले.

प्रिंटही तसाच आला. सरांनी मोकळ्या जागेवर बोट टेकवलं, लगेच उचललं आणि पँटला पुसलं. कागद तेवढाच ओला होता.

"नवी फाइल घे. पहिल्यापासून टाइप कर. फोटो साधा टाक, ओळीत. संध्याकाळी हे गेलं पाहिजे."

"सर, त्यांचा टँकर कायमचा बंद होईल."

"आणि बिल अडकलं तर तुझा पगार कुठून देऊ? नवरा तुझा घरी बसलाय, चैताली. मी नाही बसवलेला."

हे खरं होतं. तिनं नवी फाइल घेतली.

सगळा मजकूर तिनं पुन्हा टाइप केला. ओळी एकीला एक लागून, कुठंही बोटभर फट नाही. लंकाबाईला दोन परिच्छेदांच्या मधे चेपून बसवलं. जुनी फाइल पुसली, ओला प्रिंट फाडला, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. तानुबाई ज्या कागदावर उभी होती तो कागदच राहिला नाही. अहवाल गेला. सरांनी मिसळ मागवली. चैतालीनंही खाल्ली.

देवळाली कॅम्पची बस खचाखच होती. पिशव्या घेतलेल्या बायका, कॉलेजची पोरं, सुट्टीवरून आलेला एक जवान. चैताली दांडीला धरून मधे उभी राहिली. पुढच्या थांब्यावर आणखी माणसं चढली.

"आत सरका, जागा आहे तिथं," कंडक्टर ओरडला.

जागा होती. तिच्या शेजारी.

कुणी सरकलं नाही. आपण सरकत नाही हेही कुणाच्या ध्यानात नव्हतं. सगळे मोबाइलमध्ये बघत होते. पण एका पोरीनं कोपर अंगाशी घेतलं होतं. एका माणसानं खांदा तिरका केला होता. उंच जवानानं मान बाजूला कलती धरली होती, वर काहीतरी लागेल अशी.

माणसं वळसा घेऊन उभी होती.

चैतालीनं डोळे खिडकीकडं वळवले ते थांबा येईपर्यंत तिथंच ठेवले. थांब्यावर ती घाईनं उतरली आणि फुटपाथवर आली.

बस निघाली नाही.

कंडक्टरचा हात बेलच्या दोरीवर होता. त्यानं ती ओढली नाही. रिकाम्या पायरीकडं न बघता, सवयीनं तो म्हणाला, "सावकाश, मावशी."

मग बेल वाजली.