जोडीशिवाय बाहेर यायचं नाही

माझी सून माझ्या नवऱ्याचं नाव घेते. घरात तोंडातल्या तोंडात घेतलं असतं तर मी कानाडोळा केला असता. ही बाई तळ्याच्या काठावर उभी राहते, गळ्यात शिट्टी, अंगात पँट, आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडून घेते. तिच्या पोहण्याच्या वर्गातल्या एका पोराचं नाव त्याच्या आजीनं माझ्या मालकांवरून ठेवलं, यात पोराचा काही दोष नाही. पण सुनेनं सासरच्या माणसांची नावं घ्यायची नसतात, हे आमच्याकडे पोरींना दुधाचे दात पडायच्या आधी कळतं. मी त्यांच्याबरोबर बेचाळीस वर्षं संसार केला, त्यांना मातीत ठेवून अकरा वर्षं झाली. अजून ते नाव माझ्या ओठांवर आलेलं नाही. इथंही लिहिणार नाही.

शेजारची सालकीन तर टपूनच बसलेली असते. परवा कुंपणावरून म्हणाली, "अगं, काल तुझ्या सुनेनं तुझ्या म्हाताऱ्याला तीनदा पाण्यातून बाहेर बोलावलं. आला का गं?"

"आला," मी म्हटलं, "आणि विचारत होता, सालकीनची जीभ अजून जागेवर आहे का."

तिला गप्प केलं, पण घरी येऊन मी सुनेला समोर बसवलं. "बेगिमाई, त्या पोराला दुसरं काहीतरी म्हण. 'अरे मुला' म्हण."

"एने," ती चहा ओतता ओतता म्हणाली; सासू असो की आजी, आमच्याकडे एनेच म्हणतात. "पाण्यात कान अर्धे बुडलेले असतात. 'अरे मुला' म्हटलं तर सतरा जण ऐकतात आणि एकही वळत नाही. माणूस स्वतःच्या नावालाच वळतं. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

मी लोकर ओढून घेतली आणि विंचरायला लागले. तिनं एकदा वर बघितलं आणि पुन्हा चहाकडे लक्ष दिलं.

आम्ही इस्सिक-कुल तळ्याच्या काठावर जन्मलेली माणसं, पण पोहतात ती पाहुणे मंडळी. आम्ही गुडघाभर पाण्यात जातो, घोडे धुतो, लोकरीचे नमदे धुतो आणि परत येतो. गेल्या उन्हाळ्यात एका आठवड्यात गावातली दोन पोरं बुडून गेली. मग शहरातल्या पोहण्याच्या संघटनेनं गावोगावच्या बायकांना शिकायला बोलावणं धाडलं. माझा मुलगा रशियात कामाला, त्यामुळे सुनेला अडवायला घरात मी एकटीच होते, आणि मला ती जुमानत नाही. वीस दिवस राहून परत आली ती शिट्टी, दोरखंड, नारिंगी जाकिटं आणि सतरा पिवळ्या टोप्या घेऊन. सामूहिक शेतीच्या काळातला बचावाचा लोखंडी मनोरा आहे आमच्या काठावर, निळा रंग पोपडे धरून निघालेला. त्याच्या पायथ्याशी रोज सकाळी दहाला तिचा वर्ग भरायचा. बुडणाऱ्याला काठी द्या, दोर फेका, स्वतः उतरणं सगळ्यांत शेवटी. पाठीवर तरंगा, आकाशाकडे बघा. पाण्यात प्रत्येकाला एक जोडीदार. शिट्टी वाजली की जोडीनं हात धरून वर करायचा. जोडीशिवाय बाहेर यायचं नाही.

सतरा पोरांत माझी नात सेझिमही होती. आठ वर्षांची, माझ्या घरातलं एकुलतं एक मूल. तिच्यावरची नजर हलवायची नव्हती, म्हणून मी रोज चाती आणि लोकर घेऊन मनोऱ्याच्या सावलीत बसायचे. लोकर किती कातली ते विचारू नका.

सतरा म्हणजे एक जण उरणार. बाईंची मुलगी म्हणून सेझिम उरली, आणि तिची जोडीदार बाईच झाल्या.

पहिल्या दिवशी शिट्टी वाजली, आठ जोड्यांनी हात वर केले. सेझिमनंही केला. छातीभर पाण्यात एकटी उभी, हात तिरका, मूठ अर्धी मिटलेली, जणू कोणाची बोटं तिच्या बोटांत आहेत.

"मी इथं आहे ना गं तुझी जोडी!" बेगिमाई हसून म्हणाली.

"तू काठावर असतेस, आई. पाण्यातली मला मिळाली."

पोरं हसली. मीही हसले. जर्दाळू पिकायचे दिवस, सगळीकडे गोड वास, पलीकडचे बर्फाचे डोंगर पाण्याच्या वर तरंगल्यासारखे. अशा उजेडात सगळंच थोडं खोटं वाटतं.

तिसऱ्या दिवशी बेगिमाईनं डोकी मोजली. ओठ हलताना मला दिसत होते. थांबली, पुन्हा मोजलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. एक जास्त आलं. पाणी चमकतंय."

माझे दोन्ही मोतीबिंदू काढून झालेत, मला सुईत दोरा ओवता येतो. मीही मोजलं होतं. पिवळ्या टोप्या सतराच होत्या. पण सेझिमच्या बाजूला एक डोकं होतं, टोपी नसलेलं, ओले काळे केस, बारीक बारीक पुष्कळ वेण्या. आता तशा वेण्या कोणी घालत नाही. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं, तेव्हा तिथं नुसतं पाणी हलत होतं.

त्या संध्याकाळी सेझिम पिठाच्या तळलेल्या बोरसोकला मध लावत म्हणाली, "एने, ती म्हणते खाली पाणी गरम आहे."

"कोण ती?"

"माझी जोडी."

"नाव काय तिचं?"

"सांगत नाही." तिनं बोट चाटलं. "म्हणते, वहिनीला माहीत आहे."

बेगिमाई हसली. एकुलत्या पोरी अशा मैत्रिणी मनातच तयार करतात, म्हणाली. शहरात हेही शिकवलं असेल. मी माझ्या हातातला बोरसोक खाली ठेवला.

आता सांगायला हवं ते सांगते. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा सतरा वर्षांची होते. शाळेपेक्षा मेंढ्यांमागे वरच्या कुरणात जास्त वाढलेली. यांची धाकटी बहीण तेव्हा नऊची. वयानं लहान असली तरी नणंद, तिचंही नाव घ्यायचं नाही. नव्या सुनांनी नणंदांना लाडाचं काहीतरी म्हणायचं. मी 'लाडकी' म्हणायचे. माझ्यावर तिचा जीव होता, माझ्या चहात चोरून साय टाकायची.

त्या उन्हाळ्यात आम्ही नमदे धुवायला तळ्यावर गेलो. तीन घरच्या तीन सुना, तीन लहान नणंदा. पाणी फिकं असतं तिथं तळ दिसतो, आणि मग एका रेषेवर ते एकदम गडद निळं होतं. ती त्या रेषेकडे चालली होती. मी हाक मारली, "लाडकी! ए लाडकी!" दुसऱ्या दोघी वळल्या. त्याही कोणाच्या तरी लाडक्या होत्या. ती वळली नाही. मी पुन्हा तेच ओरडले. पुन्हा त्या दोघीच वळल्या.

तिचं काही मिळालं नाही. तळ्यानं नेली म्हणाले. मला कोणी काही विचारलं नाही, मीही कोणाला सांगितलं नाही. नाव मला माहीत होतं. माझ्या तोंडात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी सुनेला म्हटलं, "सेझिमला आज पाठवू नकोस."

"एने, तुम्ही नातीला घरात ठेवलंत तर गाव आपापली पोरं घरात ठेवेल. मग पुढच्या उन्हाळ्यात कोण बुडणार, ते तुम्ही सांगा."

मी चाती उचलली आणि त्यांच्या मागोमाग निघाले.

सातव्या दिवशी वारा नव्हता. तळं दुधासारखं पडलेलं, आवाज सगळे लोकरीतून आल्यासारखे. समोरच्या डोंगरांना पायच नव्हते. पोरं पाठीवर तरंगत होती, मला झोप येत होती, आणि तरीही सगळं स्वच्छ दिसत होतं. टोप्या, खडे, पाण्याखाली पांढरे दिसणारे पाय.

शिट्टी वाजली. बेगिमाई यादीतून एकेक जोडी नावानं बाहेर बोलावू लागली. माझ्या मालकांचं नावही आलं. त्या पोरानं लगेच मान वळवली आणि धडपडत बाहेर आला. सोळा पोरं काठावर कुडकुडत उभी राहिली.

"सेझिम!"

सेझिम रेषेजवळ होती. कधी गेली, आम्हाला दोघींनाही कळलं नाही. तिनं एक हात वर केला. दुसरा पाण्याखाली होता.

"सेझिम, बाहेर ये!"

"माझ्या जोडीला बोलावलं नाहीस अजून!"

बेगिमाईनं दोर फेकला. नीट फेकला, पोरीच्या खांद्याशी पडला.

"दोर धर!"

"आधी तिला बोलाव ना, आई. तूच सांगितलंस, जोडीशिवाय बाहेर यायचं नाही." आवाजात भीती नव्हती. अभ्यास पाठ करून दाखवताना असतो तसा आवाज.

"ये गं बाळा, दोघी या!"

"अशी नाही. नावानं."

दोराचं टोक मनोऱ्याला बांधून बेगिमाई पाण्यात शिरली. कंबरभर, छातीभर. ती पुढे जात होती आणि दोघींमधलं अंतर तेवढंच राहत होतं. सेझिमची हनुवटी पाण्याला लागली. पलीकडे निळं होतं.

मी उठले. चाती मांडीवरून खडकांत पडली.

तोंड उघडलं. काही आलं नाही. पन्नास वर्षं मिटलेलं तोंड, ते असं उघडत नाही.

बेगिमाई मागे वळून माझ्याकडे बघत होती. तिला काहीच माहीत नव्हतं. तरी बघत होती.

"कालिपा!"

माझाच आवाज, पण सतरा वर्षांचा.

"कालिपा! वळ! बाहेर ये!"

पाण्यावर एक सुरकुती आली, आमच्या बाजूला, हळूहळू. सेझिमनं दोर धरला. दोन पावलांत बेगिमाईच्या हाताला ती लागली, आणि तिनं पोरीला उचलून काठावर आणलं. अंग गरम होतं. बाकीची पोरं निळी पडली होती, हिचं अंग गरम होतं.

डावी मूठ तेवढी अर्धी मिटलेली. घरापर्यंतच्या वाटेवर तिनं ती उघडली नाही, आणि चालली ती वाटेच्या एका कडेनं, दुसऱ्या कोणाला जागा ठेवावी तशी.

उन्हं डोंगराच्या कडेला असतानाच आम्ही चहाला बसलो. बेगिमाई वर्ग बंद करते म्हणाली, मग म्हणाली करणार नाही, मग रडली. सेझिम बसल्या जागी थोडी सरकली. भाकरी मोडली, अर्धी आपल्याला, अर्धी शेजारी रिकाम्या गादीवर ठेवली.

गादी तिथं खाली दबली. एका लहान गुडघ्याएवढी, मग दुसऱ्या. कापडावर ओल पसरू लागली.

बेगिमाईला ते दिसलं. तिच्या हातातली किटली तशीच राहिली. माझ्याकडे नुसती बघत राहिली, तळ्यात बघितलं होतं तशीच.

मी ओढणी सारखी केली आणि तिला म्हटलं, "तू बरोबर होतीस. पाण्यातल्याला नावानंच बोलवायचं. बोलावलं की ते येतं, एवढंच तुझ्या शहरातल्यांनी तुला सांगितलं नाही. आता रडू नकोस, ऊठ. दिसायला लहान असली तरी ती तुझ्या सासऱ्यांची बहीण आहे. वाकून सलाम कर. आणि तिचं अंथरूण माझ्याजवळ घाल, पोरीजवळ नको."