माझं मत धरू नका

लॅबमधून फोन आला, "सात नंबरच्या आजींचं सॅम्पल परत. नवीन पाठवा." नेमकी तेव्हाच लिफ्ट बंद पडली होती. आजींच्या हातापाया पडून दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त मग मीच हातात घेतलं आणि चार जिने उतरले. भांडायची पूर्ण तयारी होती. नर्सिंगचा निकाल लागून मला जेमतेम अकरा दिवस झाले होते, वॉर्डात मी तात्पुरती होते, आणि सगळ्या सिस्टर ज्याला 'परतसाहेब' म्हणायच्या, त्याचा फोनवरचा आवाजसुद्धा मला आवडला नव्हता.

लॅबच्या खिडकीपलीकडे किरकोळ अंगाचा एक तरुण उभा होता. त्याने माझी आधीची नळी उजेडात धरली.

"वरचा थर फिकट पिवळा हवा. तुमचा गुलाबी आलाय. तांबड्या पेशी फुटल्यात."

"त्यात माझा काय दोष?"

"सिरिंजची सुई न काढताच नळीत रक्त ढकललंत ना?"

मी नवी नळी त्याच्यापुढे सरकवली.

"या जुनीत पोटॅशियम सहा पॉइंट आठ येतंय. खरं असतं तर वर धावपळ चालू असती. आजी काय करतायत?"

"शेजारच्या बाईंशी भांडतायत. पंख्यावरून."

"मग पोटॅशियम उत्तम असणार," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे.

मला हसायचं नव्हतं. पण हसू फुटलंच... आणि त्याचे कान लाल झाले. आधी डावा, मग उजवा. हे मी नीट पाहिलं.

लिफ्ट दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली. मी मात्र जिनाच उतरत राहिले. "अगं, लिफ्ट चालू झाली, तुला कुणी सांगितलं नाही का?" आमच्या मोठ्या सिस्टर सगळ्यांसमोर विचारायच्या. मी म्हणायचे, "व्यायाम होतो." त्या म्हणायच्या, "हो ना, हृदयाचा."

एकदा त्याने मला सूक्ष्मदर्शकात पांढरी पेशी दाखवली. मी वाकले, तोही बाजूने वाकला. साबणाचा आणि स्पिरिटचा वास, आणि कानाजवळ त्याचा हळू आवाज – "दिसतेय?"

"दिसतेय," मी म्हणाले. खरं तर मला नुसतं जांभळं धुकं दिसत होतं. पण स्क्रू फिरवायचा तर त्याला सरकावं लागलं असतं.

मग एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. एक इथलंच, याच वॉर्डात कायमची नोकरी. दुसरं आठ तासांवरच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचं, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दोन वर्षांचा करार. दोन्हीकडे शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर हवं होतं.

"इथलीच घे," आई म्हणाली. "घरचं जेवण, घरची झोप."

"तिचं तिला ठरवू दे की," बाबा म्हणाले.

"ठरवू दे ना! पण इथली ठरवू दे."

शिकताना त्या बाळांच्या विभागात मी तीन आठवडे काढले होते. माझ्या मनगटाएवढी मांडी असलेलं बाळ पहिल्यांदा स्वतःहून दूध ओढतं, तेव्हा अख्खी खोली श्वास धरून बघते. तेव्हापासून मला दुसरं काही नको होतं. निदान ती लिफ्ट बंद पडेपर्यंत तरी नको होतं.

गुरुवारी दुपारी मी खाली गेले. हातात एकही नळी नव्हती.

"आज काय आणलंत?" त्याने विचारलं.

"प्रश्न." मी दोन्ही पत्रं पुढे केली. "तुम्ही सांगा, कुठली घेऊ?"

त्याने दोन्ही वाचली. सावकाश, खालच्या बारीक अक्षरांसकट. मग घड्या पूर्वीसारख्या घालून परत दिली.

"माझं मत धरू नका."

"का?"

"मी तटस्थ नाही."

आत कुठलंसं यंत्र घरघरत थांबलं. एकदम शांत झालं.

"म्हणजे?" मला कळलं होतं. तरी विचारलं.

"म्हणजे... तुम्ही इथे राहिलात तर माझा रोज फायदा आहे. अकरा वाजले की जिन्यावर तुमची पावलं ऐकू येतात. पावणेअकरापासून माझं कशात लक्ष नसतं." तो माझ्याकडे न बघता लेबलं सरळ करत होता. ती आधीच सरळ होती. "ज्याचा असा स्वार्थ आहे, त्याने मोजमाप करू नये. चुकतं."

"आणि स्वार्थ बाजूला ठेवला तर?"

"ठेवता येत नाही. दोन दिवस करून बघितलंय."

"दोन दिवस? पत्रांचं तुम्हाला आधीच..."

"तुमच्या मोठ्या सिस्टरनी सांगितलं. त्यासाठी त्या खास जिना उतरून आल्या."

मी हसले आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. 'राहा' एवढं एकच म्हणाला असता तर मी राहिले असते. हे त्यालाही माहीत होतं. म्हणूनच तो म्हणत नव्हता. आणि ते लक्षात आलं तेव्हा मला कळलं, की मी खाली पत्रं दाखवायला आलेच नव्हते. माझ्या वतीने कुणीतरी घाबरावं आणि 'राहा' म्हणावं, म्हणून आले होते.

शुक्रवारी साडेचारला मी बाळांच्या विभागाला होकार कळवला. आईने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी माझी बॅग तिनेच भरली.

इथे येऊन आता सात आठवडे झाले. खोलीत एक पलंग, एक खिडकी, वाळत घातलेले दोन गणवेश. सुट्टीच्या दिवशीही अकराला माझी नजर घड्याळाकडे जाते. त्याचा फोन संध्याकाळी येतो. पहिल्या आठवड्यात आम्ही फक्त कामाचं बोललो. तिसऱ्यात कधीतरी 'सिस्टर' गळालं.

काल त्याने विचारलं, "आज नवीन काय शिकलीस?"

"नऊशे ग्रॅमच्या बाळाला हात कसा लावायचा ते. कुरवाळायचं नाही, त्यांना ते सोसत नाही. एक हात डोक्याशी, एक पायांशी. नुसता ठेवायचा. हलवायचा नाही."

"आणि मग?"

"मग काही नाही. थांबायचं. थोड्या वेळाने पडद्यावर ठोके शांत होताना दिसतात."

मी फोन कानाशी घट्ट धरला... आठ तासांचं अंतर तेवढ्याने कमी होणार असल्यासारखा.

"ऐकतोयस ना?"

"हो," तो म्हणाला. "रविवारी तुला सुट्टी आहे का?"

"आहे. का?"

"गाडी सव्वासहाला पोचते. इतक्या लवकर उठतेस का, तेवढं विचारायचं होतं. तिकीट काढून झालंय."

"मला विचारायच्या आधीच?"

"मंगळवारीच. म्हटलं ना, मी तटस्थ नाही."

आज शुक्रवार आहे. मी गणवेश धुतले, खिडकीची काच पुसली, मग पुन्हा पुसली. मोठ्या बाळांपैकी एकाला आज पहिल्यांदा आईच्या मांडीवर दिलं. ती बाई मला म्हणाली, "सिस्टर, आज तुम्ही सारख्या हसताय."

"हो का?" मी म्हणाले. आणि बाळाच्या डोक्यावरची टोपी उगाचच नीट केली.