गौरीची चूळ

कुणाला खोटं वाटलं तर खुशाल वाटू दे. आमच्या मृणालच्या बाबतीत हे यंदाच्या भाद्रपदात घडलंय. उज्जैनमध्ये. तेही भर दुपारी!

लग्नानंतरची तिची पहिलीच गौर. त्यात चौथा महिना. जरा वास आला की ती नाकाला पदर लावायची.

सासरी खड्यांच्या गौरी. नदीतले खडे आणायचे, तिथल्याच पाण्याची चूळ तोंडात धरायची आणि मुकाट घरी यायचं. दारात गौरीचं स्वागत झालं की मगच थुंकायचं.

"आम्ही इतकी वर्षं धरलीच ना गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून मृणाल एकटीच गेली.

शिप्रा नदीचा घाट बघून तिला शिसारी आली. फेस. सडकी फुलं. पायरीला चिकटलेलं कुणाचंतरी डायपर.

शी! हे तोंडात धरायचं?

ती रिक्षानं गढकालिकेच्या देवळाकडे गेली. तिथल्या पुरातन टेकाडाची कड पावसानं ढासळली होती. आत भाजक्या मातीची मोठी गोल कडी, एकावर एक रचलेली... जुनी विहीरच. पाणी अगदी नितळ.

तिनं खडे घेतले. चूळ भरली.

पाणी... कोमट होतं.

"भाभी, कुछ सड़ गया क्या?" वाटेत रिक्षावाल्यानं नाक दाबलं. तिनं नुसती मान हलवली.

तेवढ्यात मागून आवाज आला... गुळगुळ... गुळगुळ...

कुणीतरी तोंडात पाणी घोळवत होतं.

मागे कुणीच नव्हतं.

नानाखेड्याला घरी सासूबाई दारात निरांजन घेऊन उभ्या. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी," असं आतून नणंदेनं, पल्लवीनं म्हणायचं. पण त्याआधीच मृणालच्या मागून ओला, जाड आवाज आला...

"भुकेच्या."

मृणाल दचकली. आणि चूळ गिळली गेली!

"पल्लवी, थट्टा पुरे!" सासूबाई ओरडल्या. "ये गं माय, आत ये."

आत बोलावलं. झालं!

दुसऱ्या दिवशी नैवेद्याचं झाकलेलं ताट उघडलं... पुरणपोळी चावून थुंकलेली. वर लाळेची तार. घरभर संडास तुंबल्याची घाण.

"वहिनी, खडे कुठले आणलेस?" पल्लवी पुरातत्त्व शिकते. मातीची कडी म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. "अगं, ती विहीर नाही. जुन्या नगरीतले लोक त्यात मैला सोडायचे!"

मृणालला भडाभडा उलटी झाली. सगळं पडलं. चव मात्र गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः तिच्याबरोबर त्या टेकाडावर गेल्या. खडे तिथेच सोडले. "आता जा बाई. आमच्या पोरीला सोड."

घरातला वास गेला. सगळ्यांनी हुश्श केलं.

परतताना मृणाल हळूच म्हणाली, "आई, खडे दिले. पण मी गिळलं ते?"

सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

सोनोग्राफीत सगळं ठीक आहे. महिन्याभरानं बाळ पहिल्यांदा हललं. सासूबाईंनी तिच्या तोंडात साखर घातली.

त्याच क्षणी तिचं तोंड कोमट पाण्यानं भरलं. तीच चव.

आणि पोटातून... गुळगुळ...

आता बाळ हललं की घरातले सगळे हसतात. मृणाल बेसिनकडे धावते.