बुडख्यापासून खिडकीपर्यंत

ऑफिसात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. सव्वीस वर्षं विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करणाऱ्या माणसाला याहून वाईट नावं पडलेली असतात. जळालेली दुकानं, पाणी शिरलेली तळघरं, चेपलेल्या गाड्या, सगळं त्याचं बघून झालं होतं. माणसं एक सांगत आणि टेप दुसरंच सांगत असे, आणि शेवटी टेपचंच खरं निघत असे.

त्या दिवशी सकाळी नऊला तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या बंगल्यात शिरला, तेव्हा काम साधंच वाटत होतं. बाईंनी आवारातलं जुनं शिरीषाचं झाड एका झाडवाल्याला पाडायला दिलं होतं. परवा अकराच्या सुमारास ते नको त्या बाजूला पडलं, थेट शेजारच्या खिडकीवर. खिडकीला लागून पलंग होता आणि पलंगावर शेजारचे आजोबा. आजोबा वाचले, पण दोन्ही पाय गुडघ्याखाली चिरडले.

भरपाई कोणी द्यायची, एवढाच प्रश्न होता. झाडवाल्याची चूक असेल तर त्याच्या पॉलिसीतून. चूक नसेल तर बाईंच्या घराच्या पॉलिसीतून. पण झाड धोक्याचं आहे असं कोणी बाईंना आधी लेखी कळवलं असेल आणि त्यांनी कानाडोळा केला असेल, तर कंपनी हात वर करणार आणि सगळं बाईंच्या गळ्यात पडणार.

झाडवाला बुडख्यापाशी उभा होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, दोन रात्री न झोपलेला.

"साहेब, ही खाच बघा," तो म्हणाला. "फाटकाच्या बाजूला घेतलीय. दोरही फाटकाकडेच बांधला होता, चार माणसं ओढत होती. झाड खाचेकडेच पडतं. लहान पोरालाही कळतं ते."

"मग उलटं कसं पडलं?"

"तेच तर." त्याने मान खाली घातली. "पडलं म्हणजे काय, चौघांना दोरासकट ओढत घेऊन गेलं."

फूटपट्टीने खाच तपासली. खोली बरोबर, कोन बरोबर. वारा नव्हता. लाकूड आतून ठणठणीत होतं. खोडाचे तुकडे करून ते भिंतीशी रचून ठेवले होते आणि बुडख्याभोवती पिवळसर भुशाचं रिंगण पसरलं होतं. त्याने सगळ्याचे फोटो काढले आणि झाडवाल्याच्या नावापुढे लिहिलं, 'चूक आढळली नाही.'

तेवढ्यात मोडलेलं तारेचं कुंपण ओलांडून आजोबांची मुलगी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती.

"बाबांनी हे तुम्हाला द्यायला सांगितलंय. विम्याचा माणूस येईलच म्हणाले."

पिशवीत नऊ पत्रांच्या प्रती होत्या, सात वर्षांतल्या. प्रत्येकीला टाचलेल्या पोचपावतीवर डॉक्टरीणबाईंची सही. शेजारी उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा उतरला.

आजोबा आयुष्यभर जमिनीची मोजणी करत आलेले. अक्षर रेखीव, मजकूर दोन ओळींचा. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, 'आपले झाड आज माझ्या खिडकीपासून एकतीस फूट चार इंच अंतरावर आहे. माहितीसाठी.' दुसऱ्यात अठ्ठावीस फूट. पाचव्यात एकोणीस. दोन महिन्यांपूर्वीच्या शेवटच्या पत्रात दहा फूट सात इंच.

"फांद्यांचं अंतर असेल," फूटपट्टी म्हणाला.

"बाबा फांद्या मोजत नाहीत," मुलगी म्हणाली. "बुंधा मोजतात."

बाई पायरीवर बसल्या. "मला वाटलं, वयामुळे होतं असं. पोरासारखा हट्ट धरतात म्हातारी माणसं. झाड कुठे चालतं का?" मग कोणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "पण आमची गाडी पूर्वी झाड आणि कुंपण यांच्या मधून जायची. आरामात. नंतर जाईना. मी म्हटलं, झाड जाड झालं असेल."

पाडण्याच्या परवानगीला जोडलेला घराचा जुना नकाशा बाईंकडे होता. त्यात झाडाचं गोल टिंब होतं आणि शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर लिहिलेलं होतं. बत्तीस फूट.

फूटपट्टीने टेपचं टोक बुडख्याच्या सालीत अडकवलं आणि कुंपणावरून खिडकीपर्यंत टेप ओढली.

नऊ फूट आठ इंच.

नकाशा चुकीचा. तो स्वतःशी हसला. नकाशे चुकतात, त्यात नवल ते काय. सात वर्षांचे आकडे म्हाताऱ्याच्या डोक्यातले. त्याने डबा खाल्ला, शेजारच्या खोलीची पाहणी केली, मोडलेला पलंग, विटा आणि काच मोजली. दुपारी दोनला निघायच्या आधी, एक आकडा दोनदा घ्यायचा या सवयीने त्याने झाडवाल्याला बुडख्याकडचं टोक धरायला सांगितलं.

नऊ फूट पाच इंच.

"टेप ताणून धरा."

"ताणलीय साहेब."

"नीट टेकवा."

झाडवाला खाली बघत होता. फूटपट्टी जवळ गेला आणि त्यानेही पाहिलं.

भुशाचं रिंगण आता पुरं नव्हतं. खिडकीच्या बाजूला भुसा सालीखाली दबून नाहीसा झाला होता. फाटकाच्या बाजूला बुडखा आणि भुसा यांच्यामध्ये तीन बोटं रुंद, काळी, ओली माती उघडी पडली होती. नखाच्या कडेसारखी वाकडी. खणल्याची खूण नाही, एकही भेग नाही. अंगावरून चादर सरकावी तशी नुसती सरकलेली.

सकाळचा फोटो फूटपट्टीने फोनमध्ये उघडला, मोठा केला, जमिनीशी धरला. सकाळी तिथे भुसा होता.

झाडवाल्याने टेप सोडली. ती सळसळत येऊन फूटपट्टीच्या बोटांवर आपटली.

"साहेब, चूक माझी लिहा."

"तुमची चूक नाही. मी तसं लिहिलंसुद्धा."

"खोडा ते. माझीच लिहा. माझ्या पॉलिसीतून जाऊ दे, धंदा बसला तर बसू दे. पण आज संपवा. मला परत इथे बोलावू नका." करवतही न उचलता तो फाटकाबाहेर पडला.

चारला, भेटीच्या वेळेत, फूटपट्टी हॉस्पिटलात पोहोचला. आजोबांचा जबाब घ्यायचाच होता. ते खिडकीकडे पाठ करून पडले होते, पाय प्लास्टरमध्ये. मुलगी उशाशी बसली होती.

त्याने काही विचारायच्या आत आजोबांनी विचारलं, "किती?"

खोटं बोलावं असं त्याला वाटलं. जमलं नाही. "नऊ फूट पाच इंच."

"हं. कापल्यावरही." त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "कोणी मोजलं?"

"मी."

"बुडख्याकडचं टोक कोणी धरलं होतं?"

"झाडवाल्याने."

"आणि पहिल्यांदा?"

"पहिल्यांदा एकट्यानेच मोजलं. सालीत अडकवलं टोक."

"स्वतःच्या हाताने?"

"हो."

आजोबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांच्या तोंडावर आधी कीव दिसली. मग तीही ओसरली आणि दिवसभर रांगेत उभं राहून नंबर लागलेल्या माणसासारखे ते सैल पडले.

"मीही एकट्यानेच मोजलं होतं पहिल्यांदा," ते म्हणाले. "हौस म्हणून. रिटायर झालो होतो, हात शिवशिवत होते." मग मुलीला म्हणाले, "मला जरा त्या कुशीवर कर गं. खिडकीकडे."

तिने त्यांना वळवलं. पाच मिनिटांत ते घोरायला लागले.

मुलगी फूटपट्टीला दारापर्यंत सोडायला आली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "सात वर्षांत बाबा खिडकीकडे तोंड करून झोपले नव्हते हो. काय सांगितलंत त्यांना तुम्ही?"

"आकडा सांगितला," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत गेला. जायची गरज नव्हती. फॉर्म ऑफिसातही भरता आला असता. पण न बघता भरलेला फॉर्म त्याने आयुष्यात कधी दिला नव्हता.

बाई दवाखान्यात गेल्या होत्या. आवारात कोणी नव्हतं. ऊन स्वच्छ होतं.

त्याने लाकडी फळी टेकवून, बुडख्याला हात न लावता अंतर घेतलं. खिडकीपासून दहा फूट दोन इंच.

वाढलं होतं.

काळी माती आता खिडकीच्या बाजूला उघडी होती. फाटकाच्या बाजूचा भुसा सालीखाली गेला होता. फाटकाशी त्याची स्कूटर उभी होती, काल उभी होती तिथेच.

तो निघाला नाही. पळ काढणाऱ्याचा अहवाल कोण खरा मानणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. बुडख्याला वळसा घालून तो आवाराच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. मांडीवर फॉर्म घेतला.

झाडवाल्याची चूक त्याने लिहिली नाही. पत्रांबद्दल लिहिलं, 'नऊही पत्रांत धोक्याचा उल्लेख नाही, केवळ अंतरे नमूद आहेत.' हे खरंच होतं, आणि एवढ्यावर बाईंची सुटका होत होती. आजोबांना भरपाई बाईंच्या पॉलिसीतून मिळावी अशी शिफारस केली. खाली सही केली. अर्धा तास गेला असेल.

मान वर केली तेव्हा आवाज नव्हता, हालचाल नव्हती. बुडखा बुडख्यासारखाच होता.

फाटकाच्या बाजूला माती उघडी पडली होती. ताजी. अजून उन्हाने वाळलीही नव्हती.

टाकीच्या बाजूला, त्याच्याकडे, भुसा उरला नव्हता.

फूटपट्टी बसून राहिला. ओरडावं, कोणाला तरी फोन करावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण फोनवर सांगणार काय? मग सव्वीस वर्षांच्या सवयीने त्याने फॉर्मचं शेवटचं पान उलटलं, कारण ते कोरं राहिलं होतं. 'सद्यस्थितीत धोका आहे काय? असल्यास कोणास?'

त्याने स्वतःचं नाव लिहिलं.

शेजारचा रकाना अंतराचा होता. बाकीचा सगळा फॉर्म त्याने शाईच्या पेनने भरला होता. अंतर तेवढं पेन्सिलने लिहिलं.