गालिच्यांमागचे झरोके

"आधी बाजार, मग बुरूज!" भिंगरीने फर्मान सोडलं.

"आधी बुरूज! तू एकदा बाजारात घुसलीस की दुपारपर्यंत हाती लागत नाहीस," तिचा जुळा भाऊ म्हणाला. त्याला चष्मा होता आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं, म्हणून त्याचं नाव प्रोफेसर.

त्यांच्या मागून रमतगमत येत होता त्यांचा मावसभाऊ निवांत. घराला आग लागली तरी हा आधी चपला शोधेल, असं त्याची आई म्हणायची. ती या जुळ्यांची मावशी. सुट्टीचा मुक्काम तिच्याकडेच होता. पाहुण्यांना जुना बुरूज आणि त्याखालचं वाइनचं तळघर दाखवणं हे तिचं काम. द्राक्षांची तोड नुकतीच संपली होती आणि खाली पिंपांमधून रस आंबत होता.

बुरुजाच्या उताराकडच्या चौकात बाजार फुलला होता. निवांत एकदम थांबला.

"वास कुठे गेला?"

"कसला वास?"

"रोज इथे येतो तो, आंबूस! तळघराच्या भिंतीतल्या झरोक्यांतून."

झरोके दिसतच नव्हते. एका गालिचेवाल्याने अख्ख्या भिंतीवर गालिचे टांगले होते आणि खाली जाडजूड गुंडाळ्या रचल्या होत्या.

"झाकले गेलेत. त्यात काय एवढं?" भिंगरी म्हणाली.

"मग तो वास आतच राहत असेल ना?"

प्रोफेसरचा चेहरा पांढराफटक पडला. "नुसता वास नाही! रस आंबताना वायू सुटतो. हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो! तळघराच्या जमिनीलगतच्या या झरोक्यांतूनच तो बाहेर जातो!"

"आई अकराच्या पाहुण्यांसाठी साडेदहालाच खाली उतरते," निवांत म्हणाला. बुरुजावरच्या घड्याळात पावणेअकरा वाजले होते. मग तो असा धावला की भिंगरीसुद्धा मागे पडली!

तळघराच्या वरच्या दाराशी पिंपवाले आजोबा एका पिंपाला कडं ठोकत बसले होते. मुलांचं बोलणं अर्धवट ऐकूनच त्यांनी हातोडी टाकली.

"तरी तळघराच्या मालकांना सांगत होतो! मेणबत्ती गुडघ्याशी धरल्याशिवाय इथे कुणी उतरायचं नाही, ही आमची रीत. म्हणे आता विजेचे दिवे आहेत, मेणबत्तीचा धूर कशाला!"

त्यांनी खिशातली मेणबत्ती पेटवली आणि ती खाली धरून पायऱ्या उतरू लागले. पाचव्या पायरीवर ज्योत बारीक झाली. सहाव्या पायरीशी विझली.

"आई!" निवांत ओरडला.

"अरे... इथेच आहे मी," खालून मावशीचा आवाज आला. जड, झोपाळलेला. "डोकं दुखतंय जरा. बसते दोन मिनिटं."

"बसू नकोस!" आजोबा गरजले. "पिंपावर चढ! जितकी उंच जाशील तितकी जा!"

भिंगरी पायऱ्यांकडे झेपावली. आजोबांनी तिचं मनगट पकडलं. "आत गेलीस तर दोघींना बाहेर काढावं लागेल. झरोके मोकळे करा, जा! उतारावरून वायू आपोआप वाहून जाईल. हा पोरगा तिला बोलतं ठेवेल."

जुळी भावंडं धूम पळाली.

"काका, गालिचे काढा! आत माझी मावशी गुदमरतेय!" भिंगरी ओरडली.

"ऐन धंद्याच्या वेळी चेष्टा करता काय? चला, निघा!"

"चेष्टा नाही हो! मागे झरोके आहेत!"

"पहाटेपासून मांडतोय मी हे! एक गालिचा हलणार नाही."

प्रोफेसर कळवळून समजावत राहिला, पण भिंगरीला कळलं की इथे विज्ञान चालणार नाही. ती एका गुंडाळीपाशी वाकली आणि किंचाळली, "अगंबाई! केवढा उंदीर! आतच शिरला! पिल्लंपण आहेत!"

गिऱ्हाइकं मागे सरकली. गालिचेवाल्याने कपाळावर हात मारला. "माझी रेशमी नक्षी! कुठे? कोणत्या गुंडाळीत?"

"त्या! नाही, त्या मागच्या! टांगलेल्यावर चढला बघा!"

भराभरा गुंडाळ्या बाजूला झाल्या आणि गालिचे खाली आले. एक, दोन, पाच झरोके उघडे पडले आणि आंबूस वासाचा गारठा मुलांच्या पायांवरून वाहू लागला.

तिकडे निवांत पायरीवर उभा राहून अखंड बोलत होता. "आई, सातचा पाढा म्हण! आई, माझी वही कुणी फाडली सांगू? मीच फाडली! ओरड ना मला!"

"थांब... वर येऊ दे मला," खालच्या पिंपावरून क्षीण आवाज आला. निवांतला रडू फुटलं, पण तो बोलायचा थांबला नाही.

आजोबा पुनःपुन्हा मेणबत्ती खाली धरून पाहत होते. बऱ्याच वेळाने ज्योत शेवटच्या पायरीपर्यंत टिकली. ते आत गेले आणि मावशीला खांद्याचा आधार देत बाहेर घेऊन आले. निवांतने तिच्या कमरेला मिठी मारली ती डॉक्टर आले तरी सोडेना.

मालक धावत आले. अकराच्या फेरीसाठी वीस पाहुणे दारात उभे होते. मालकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "मुलांनो, आज तुम्ही नसतात तर..." आजोबांकडे वळून ते एवढंच म्हणाले, "चुकलो मी."

गर्दीतून गालिचेवाला पुढे आला. भिंगरी प्रोफेसरच्या मागे दडली.

"उंदीर नव्हताच ना?"

"नाही, काका. थाप मारली. चुकलं माझं."

"तुझं नाही, पोरी." त्याने मावशीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "माणूस गुदमरतंय म्हणालीस, तेव्हा मी जागचा हललो नाही. उंदीर म्हणालीस, तेव्हा धावलो."