रुक्मिणीचा वाटा

२०२३ सालची गोष्ट. देवगड बंदरावर पूर्वी मासळीच्या राशी उघड्यावर पडत, वर ओलं पोतं टाकलं की झालं. आता दाजीशेठच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कार्डाशिवाय माणूस शिरत नव्हता. तरी रोज सकाळी आत कुरतडलेली सुरमई सापडे, आणि संगणक सांगे, दार यशोदाच्या कार्डाने उघडलं. यशोदा मासळी साफ करणारी बाई. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या पगारावर.

"तुझीच चोरी निघाली तर उद्यापासून येव नको," दाजीशेठनी तिला बजावलं होतं.

कार्डं तपासायला पुण्याहून अक्षया आली, मूळची जवळच्याच कट्टा गावची. तिने यशोदाचं कार्ड हातातल्या यंत्राजवळ धरलं आणि बघता बघता त्याची नक्कल काढली.

"हे कुणीही जवळून जाता जाता चोरील, दाजीशेठ. बाईंचा दोष नाही."

"मगे केल्यान कोणी?"

अक्षया दाराशी गेली. कार्ड टेकवायची काळी डबी चिकट होती. बोटाला खवले लागले, मागोमाग तार धरणारा गार बुळबुळीत थर. कुजलेल्या आतड्यांचा वास आला. तिने डबी पुसली. मान वळवून पाहते तो पुन्हा तसाच थर.

आतल्या सुरमईवर चावे होते. माणसाचे. कातडं चघळून बाजूला थुंकलेलं. प्रत्येक चाव्यात मधल्या दोन दातांची जागा मोकळी.

"बाय," यशोदा कुजबुजली, "रुक्मिणीचे फुडचे दोन दात पडलेले."

रुक्मिणी तिच्या शेजारी बसून मासे कापणारी, शिमग्यात वारलेली. ही दारं बसली आणि बायकांना संध्याकाळी मिळणारा मासळीचा वाटा बंद झाला; ती मरेपर्यंत त्यावरून करवादत होती. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. शेवटी यशोदा म्हणाली, "माझ्या कार्डान जा गो, तुझो वाटो घे." कावळा झडप घालून आला.

अक्षयाने यशोदाचं कार्ड रद्द केलं, कात्रीने कापलं. दार आता फक्त तिच्या स्वतःच्या कार्डाला ओळखणार होतं, आणि ते तिच्या पर्समध्ये होतं.

भर दुपारी दोघी दारासमोर उभ्या राहिल्या. डबीवरून एक ओघळ खाली आला. लाल दिवा.

पुन्हा लाल.

पुन्हा.

यशोदा रडू लागली. "माका सोड गो, रुक्मिणी!"

अक्षयाला तिचे हाल बघवेनात. यशोदाची समजूत काढावी म्हणून ती दाराकडे बघून म्हणाली, "हिला सोडा. माझ्या कार्डाने जा."

हिरवा दिवा लागला.

यशोदाची नोकरी टिकली. नवरा गेला, पण ती अजून मासे कापते. दाजीशेठना मासळीचा वास सहन होईना. कोल्ड स्टोरेज विकून ते आता आंब्याच्या पेट्या मुंबईला पाठवतात.

अक्षयाने मासे सोडले. पुण्यात तिच्या इमारतीच्या फाटकालाही कार्ड लागतं. मागच्या महिन्यात वॉचमन तिला म्हणाला, "मॅडम, मासळी आणता ती पिशवी बांधून आणत जा. तुमच्यामागे मशीन रोज पुसावी लागते."

ती वर गेली, फ्रिज उघडला. पनीरवर चावा होता. मधल्या दोन दातांची जागा मोकळी.